सातांपैकी दोन खुणा

अंग तापलं म्हणजे आजार, हे आपण मोठ्या माणसांवरून शिकलेलो असतो. नवजात बाळाच्या बाबतीत हे गणित पुष्कळदा उलटं निघतं. रक्तात जंतुसंसर्ग पसरू लागला की ते तापण्याऐवजी गार पडतं. जोरात रडण्याऐवजी रडणं क्षीण होतं. खोकत नाही, कण्हत नाही, नुसतं झोपून राहतं. घरातल्यांना वाटतं, बाळ शांत आहे. या संसर्गाला डॉक्टर सेप्सिस म्हणतात आणि उपचार मिळाले नाहीत तर तो काही तासांत किंवा दोन-तीन दिवसांत जीव घेऊ शकतो.

रुग्णालयात त्याचं निदान रक्ताच्या तपासण्यांनी होतं. जिथे प्रयोगशाळा नाही, डॉक्टर नाही आणि पावसाळ्यात नाला ओलांडता येत नाही, तिथे हे निदान कोण करणार आणि कसं? गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ या संस्थेने १९९०च्या दशकात या प्रश्नाला जे उत्तर शोधलं, त्यावर आज देशभरातल्या आशाताईंच्या गृहभेटी उभ्या आहेत. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली ही संस्था सुरू केली. पाचवी ते दहावी शिकलेल्या गावातल्याच स्त्रिया, म्हणजे ‘आरोग्यदूत’, हा तिच्या कामाचा कणा.

नवजात बाळांवर येण्याआधी संस्थेने न्यूमोनियावर काम केलं होतं. न्यूमोनियात श्वास जलद होतो, पण अंक न येणाऱ्या दाईने श्वास मोजायचे कसे? त्यासाठी एक साधं उपकरण बनवलं गेलं. एका मिनिटात रिकामं होणारं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा. वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत हात पोचला तर श्वास जलद आहे, औषध सुरू करायचं. लहान तान्ह्या बाळांचा श्वास मुळातच जलद असतो, म्हणून त्यांच्यासाठी मण्यांची ओळ वेगळी. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात न्यूमोनियाने होणारे बालमृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ५४ टक्क्यांनी कमी आढळले.

तरीही मृत्यूंचा एक मोठा गठ्ठा जागचा हलत नव्हता, तो पहिल्या महिन्यातला. १९९३ ते १९९५ या काळात प्रयोगाच्या गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ बाळं पहिल्या २८ दिवसांतच दगावत होती. १९९५-९६ मध्ये ३९ गावांतल्या आरोग्यदूतांनी ७६३ नवजात बाळं घरी जाऊन पाहिली आणि प्रत्येकाची नोंद ठेवली. त्यातल्या ५४ टक्के बाळांना महिनाभरात कधी ना कधी वैद्यकीय उपचारांची गरज पडली. उपचार मिळाले २.६ टक्क्यांना. शिवाय ४२ टक्के बाळांचं जन्मवजन अडीच किलोच्या आत होतं. झालेल्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक सेप्सिस किंवा न्यूमोनियाचे होते. बाळंतीण आणि बाळ सोवेर, म्हणजे बाळंतपणाचा विटाळ, संपेपर्यंत खोलीबाहेर पडत नसत, त्यामुळे दवाखाना जवळ असता तरी फार फरक पडला नसता. उपचारच त्या खोलीपर्यंत न्यायला हवे होते.

मग निदान किती सोपं करता येईल, यावर सगळं अडलं. नोंदींचं विश्लेषण करून सात खुणा निघाल्या. बाळाचं चोखणं कमी झालं किंवा थांबलं. रडणं क्षीण झालं किंवा थांबलं. हातपाय लुळे पडले. उलट्या होतात किंवा पोट फुगलं. आईला हाताला बाळ गार लागतं. श्वास घेताना छातीचा खालचा भाग जोरात आत ओढला जातो. नाळेत संसर्ग दिसतो. यांतल्या कोणत्याही दोन खुणा एकाच वेळी दिसल्या की सेप्सिस समजून उपचार सुरू करायचे.

दोनच का? एकेक खूण फार बाळांत दिसते. एकदा दूध ओकणारं बाळ आजारी असेलच असं नाही. एका खुणेवर इंजेक्शन द्यायचं ठरवलं तर गावातली बरीच धडधाकट बाळं टोचली जातील. तीन खुणांची वाट पाहिली तर उशीर होतो. दोन खुणांवर कमी शिकलेली कार्यकर्तीही ठाम निर्णय घेऊ शकते, आणि दगावू शकणारं बाळ सहसा निसटत नाही.

या यादीत एक गोष्ट दडलेली आहे. ‘चोखणं कमी झालं’ म्हणायला आधी ते किती होतं हे माहीत हवं. रडणं, हातपायांचा ताण, यांचंही तसंच. म्हणजे बाळ ठणठणीत असताना पाहिलेलं असेल तरच बिघाड ओळखता येतो. गृहभेटी पहिल्या आठवड्यात दाट आणि पुढे विरळ ठेवल्या त्या यासाठी. ‘बाळ बरं आहे, मग कशाला जायचं’ असं म्हणून टाळलेली तिसऱ्या दिवसाची भेट सातव्या दिवशी महागात पडते.

प्रत्येक भेटीत तीन मोजमापं होतात आणि तिन्हींत चुकायला भरपूर वाव आहे.

श्वास पूर्ण एक मिनिट मोजावा लागतो. पंधरा सेकंद मोजून चाराने गुणणं मोठ्यांत चालतं. नवजात बाळाचा श्वास मात्र एकसारखा नसतो. ते भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, पुन्हा सुरू होतं. त्या विरामात मोजलं तर आकडा खूप कमी येतो, घाईच्या टप्प्यात मोजलं तर खूप जास्त. बाळ शांत हवं, पोट उघडं हवं. ६० किंवा त्याहून अधिक श्वास आले तर थोडं थांबून पुन्हा मोजायचं आणि दुसऱ्यांदाही तसंच आलं तरच जलद म्हणायचं.

तापमान काखेत घेतात. थर्मामीटरचं टोक काखेच्या खळग्यात, कपड्याला न लागता, आणि हात छातीशी दाबून धरलेला. ३६.५ ते ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९७.७ ते ९९.५ अंश फॅरेनहाइट, हे योग्य. शरीराच्या मानाने बाळाच्या कातडीचं क्षेत्रफळ मोठं असतं, त्यामुळे ते लवकर निवतं. ओलं असलं तर आणखी वेगाने, कारण पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं. जन्मल्यावर लगेच पुसून कोरडं करायचं आणि पहिली अंघोळ निदान २४ तास टाळायची ती याचसाठी. कमी वजनाच्या बाळांसाठी टोपीसकट शिवलेली उबदार पिशवी वापरली जाते. तेवढी नसली तरी आईच्या उघड्या छातीशी धरलेलं बाळ चांगलं गरम राहतं.

तिसरं वजन. झोळीचा काटा आधी रिकामी झोळी अडकवून शून्यावर आणायचा. हे विसरलं की झोळीचं वजन बाळाच्या नावावर जमा होतं आणि १,७५० ग्रॅमचं बाळ १,९००चं दिसतं. काटा डोळ्यांच्या पातळीवर धरून वाचायचा, वरून किंवा खालून पाहिलं की काट्याची जागा चुकते. पहिल्या आठवड्यात बाळाचं वजन काहीसं उतरतं आणि दोन आठवड्यांच्या आत परत येतं. हे आधी सांगून ठेवलं नाही तर आजी घाबरते आणि वरचं दूध सुरू होतं. मध, गुटी, वरचं दूध हा संसर्गाचा सोपा रस्ता आहे, आणि चीक काढून टाकणं म्हणजे फुकट मिळणारं संरक्षण ओतून देणं.

उपचारात तोंडाने कोट्रायमॉक्झॅझोल आणि स्नायूत जेंटामायसिन, अशी दोन औषधं होती. जेंटामायसिन आतड्यातून शोषलं जात नाही, त्यामुळे इंजेक्शनला पर्याय नाही. ते मूत्रपिंडावाटे बाहेर पडतं आणि नवजात बाळाचं मूत्रपिंड अजून कच्चं असतं. मात्रा जास्त झाली तर मूत्रपिंडाला आणि कानाला इजा होऊ शकते. म्हणून मात्रा वजनावरून ठरते. शून्यावर न आणलेला काटा इथे येऊन चावतो. इंजेक्शन मांडीच्या बाहेरच्या बाजूला, मधल्या तिसऱ्या भागात देतात. कुल्ल्यात देत नाहीत, कारण तिथे बाळाचा स्नायू अपुरा असतो आणि मोठा मज्जातंतू जवळून जातो.

जन्मताच न रडणाऱ्या बाळासाठी मात्र दोन खुणांची वाट पाहायला वेळ नसतो. पुसणं, पाठ चोळणं, आणि तरीही श्वास नसेल तर पहिल्या मिनिटातच पिशवी-मुखवट्याने हवा देणं. मिनिटाला साधारण ४० वेळा पिशवी दाबायची. इथे सर्वाधिक चूक होते ती मुखवट्याच्या कडेने हवा निसटण्याची. दुसरी मानेची. हनुवटी छातीकडे झुकली की श्वासमार्ग दुमडतो आणि मान फार मागे गेली तरीही तो अरुंद होतो. खांद्याखाली कापडाची छोटी घडी ठेवली की डोकं नेमकं बसतं. गडचिरोलीत आधी तोंडाने, मग नळी-मुखवट्याने आणि शेवटी पिशवी-मुखवट्याने श्वास देणं अशी साधनं टप्प्याटप्प्याने बदलत गेली.

निकाल डिसेंबर १९९९ मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आले. तिसऱ्या वर्षी गावांतल्या ९३ टक्के बाळांपर्यंत ही सेवा पोचली होती. सेप्सिस झालेल्या बाळांतलं मृत्यूचं प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर उतरलं आणि तुलनेच्या ४७ गावांच्या मानाने नवजात मृत्युदर ६२ टक्क्यांनी घटला. प्रत्येक बाळामागे खर्च आला ५.३ अमेरिकी डॉलर. हे डॉक्टरांनी इंजेक्शनं देऊन झालेलं नाही, हे अधोरेखित करायलाच हवं. दहावीच्या आत शिकलेल्या बायकांनी ही निदानं केली, सुया टोचल्या आणि कागद भरले. त्यांच्यामागे गावोगाव फिरून नोंदी तपासणारे पर्यवेक्षक होते आणि गुंतागुंतीच्या बाळांसाठी शोधग्राम या संस्थेच्या आवारातला माँ दंतेश्वरी दवाखाना. त्या दवाखान्याच्या इमारती झोपड्यांसारख्या बांधल्या आहेत आणि नातेवाइकांना रुग्णासोबत राहता येतं. आदिवासींनी स्वतः सांगितलेली ही अट होती, सजावट नव्हे.

पुढे ‘अंकुर’ प्रकल्पात महाराष्ट्रातल्या सात ठिकाणी इतर संस्थांनी हेच करून पाहिलं. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफने पहिल्या आठवड्यातल्या गृहभेटींची संयुक्त शिफारस केली. २०११ पासून भारत सरकारने आशाताईंमार्फत हा कार्यक्रम देशभर नेला. दवाखान्यात जन्मलेल्या बाळासाठी ३, ७, १४, २१, २८ आणि ४२व्या दिवशी अशा सहा भेटी, घरी जन्मलेल्यासाठी पहिल्या दिवसाची एक जास्त. २०१८ पासून ३ ते १५ महिन्यांच्या बाळांसाठी आणखी पाच भेटी जोडल्या गेल्या.

देशव्यापी कार्यक्रमात भेटी उतरल्या, पण इंजेक्शन आशाताईच्या हातात आलं नाही. ती खुणा ओळखते आणि बाळाला पुढे पाठवते. पाठवणं शक्य नसेल तेव्हा जेंटामायसिन द्यायची परवानगी २०१४च्या मार्गदर्शनात नर्सबाईंना मिळाली. रुग्णवाहिका तासाभरात येते आणि जिल्ह्याच्या नवजात कक्षात खाट मिळते, अशा भागात ही वाटणी योग्यच आहे. जिथे यातलं काही नाही तिथे गडचिरोलीचा अर्धाच प्रयोग पोचला, आणि अर्ध्या प्रयोगाकडून ६२ टक्क्यांची अपेक्षा धरणं अन्याय्य आहे.

मोबदल्याचंही असंच. भेटींचे २५० रुपये मूळ नियमाप्रमाणे ४५व्या दिवशी मिळत, आणि जन्माची नोंद, कार्डावर वजन, लसी यांच्याबरोबर एक अट होती ती आई आणि बाळ ४२ दिवस सुखरूप असण्याची. सगळ्यांत अवघड बाळासाठी रात्री-अपरात्री धावलेल्या आशाताईलाच ते न वाचल्यास पैसे नाकारणारा हा नियम होता. गडचिरोलीत मोबदला केलेल्या कामावर होता. भेट दिली, मोजलं, लिहिलं, त्याचे पैसे.