पैठणच्या वेताळापासून पत्र्यावरच्या दगडापर्यंत : गावाकडच्या भयपटाची पार्श्वभूमी

छोट्या गावातल्या भयपटाचा सांगाडा आता कुणीही बोटांवर मोजून दाखवेल. शहरातलं जोडपं गावी येतं. वाटेत पंक्चर काढणारा विचारतो, "तिकडं कशाला जाऊलालाव?" मग वाडा, बंद खोली, विहीर. मध्यंतरापर्यंत पावलांचे आवाज आणि आपोआप उघडणारी दारं. मध्यंतरानंतर एक म्हातारं माणूस तोंड उघडतं आणि दोन पिढ्यांमागचं पाप सांगतं. शेवटी मांत्रिक, अंगारा, त्रिशूळ. सगळं निवलं असं वाटतं, तेवढ्यात लहान पोराचे डोळे चमकतात.

मराठवाड्यात मोबाइलवर लघुपट करणारी मुलंही बहुतेक हाच सांगाडा उचलतात. लातूरकडची बोली असते, माळवदाचं, म्हणजे सपाट मातीच्या छताचं, घर असतं, पण आतली हाडं बाहेरची. ('बाहेरचं' हा शब्द आपल्याकडे भुतासाठीच वापरतात, हा योगायोग.) ही हाडं आली कुठून, आणि आपल्या मातीत आधीपासून कोणती पडून होती, ते पाहण्यासारखं आहे.

बाहेरच्या हाडांचा माग सोपा आहे. १७६४ साली इंग्लंडमध्ये होरेस वॉलपोलची 'द कॅसल ऑफ ओट्रान्टो' ही कादंबरी आली. बापजाद्यांची पापं तिसऱ्या-चौथ्या पिढीपर्यंत फिटत नाहीत, हे तिचं सूत्र खुद्द प्रस्तावनेतच सांगितलेलं आहे. पुढे अमेरिकेनं किल्ल्याच्या जागी गाव ठेवलं. जॉन कार्पेंटरचा १९८०चा 'द फॉग' हा त्याचा नमुना. समुद्रकाठच्या गावाची शताब्दी जवळ आलेली असते, चर्चच्या भिंतीतून जुनी रोजनिशी निघते आणि कळतं की हे गाव कुष्ठरोग्यांचं जहाज बुडवून, त्यांच्या सोन्यावर उभं राहिलं आहे. मेलेले धुक्यातून हिशोब मागायला येतात.

या जातीच्या कथानकांची तत्त्वज्ञ नोएल कॅरोल यांनी १९९०च्या आपल्या ग्रंथात चार टप्प्यांत मांडणी केली. आपल्या शब्दांत सांगायचं तर चाहूल, शोध, खात्री आणि सामना. तिसरा टप्पा पाश्चात्त्य भयपटाचा कणा आहे. नायकाला भूत दिसलेलं असतं, पण पोलीस, महापौर, शेजारी कुणी मानत नाही. त्यांना पटवण्यात सिनेमाचा मधला भाग जातो, आणि प्रेक्षक खुर्चीच्या कडेवर बसून 'अरे, ऐका की त्याचं' म्हणत राहतो.

माझ्या मते सांगाडा आपल्याकडे नेमका इथं मोडतो. आपल्या गावात भूत आहे हे कुणाला पटवावं लागत नाही. सूनबाई दुपारी चक्कर येऊन पडली की दिवेलागणीपर्यंत गल्लीचं निदान झालेलं असतं: "लागलंय तिला." पटवावं लागतं ते उलट, की भूत नाही. मग 'मानतील का?' या प्रश्नावर दीड तास ताणलेला सिनेमा आपल्याला खोटा का वाटतो, हे वेगळं सांगायला नको. आपला प्रश्न दुसरा असतो: "कोणतरी करूलालंय. कोण?"

हा प्रश्न फार जुना आहे, आणि त्याची सर्वांत जुनी गोष्ट गोदाकाठची आहे.

विक्रम-वेताळ म्हटलं की लोकांना उज्जैन आठवतं. पण अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवानं 'कथासरित्सागर' रचला, त्यात वेताळाच्या पंचवीस गोष्टींचा राजा आहे त्रिविक्रमसेन, आणि त्याचं राज्य गोदावरीच्या काठी, प्रतिष्ठानात, म्हणजे आपल्या पैठणात. लोकप्रिय आवृत्त्यांतून पैठणचं नाव गळत गेलं, याची पैठणकरांनाही फारशी खंत दिसत नाही.

या चौकटीची बांधणी पटकथेच्या नजरेनं बघा. क्षान्तिशील नावाचा भिक्षू दरबारात येतो आणि राजाला रोज एक फळ देऊन जातो. वर्षानुवर्षं. काही मागत नाही. एके दिवशी फळ माकडाच्या हाती लागतं, फुटतं आणि आतून रत्न पडतं. कोठारात पाहिलं तर आधीची फळं कुजून गेलेली आणि रत्नांचा ढीग साचलेला. भयकथेची सुरुवात याहून शांत क्वचितच सापडेल: रोजची साधी गोष्ट, तिच्या आत दडलेलं कर्ज. मग भिक्षू मागणी करतो. अवसेआधीच्या चतुर्दशीच्या रात्री मसणात ये आणि झाडावर लटकलेलं प्रेत घेऊन ये.

पुढचं सगळ्यांना माहीत आहे, पण नियम किती कडेकोट आहे ते लक्षात घेण्यासारखं आहे. प्रेतातला वेताळ खांद्यावर बसून गोष्ट सांगतो आणि शेवटी कोडं घालतो. उत्तर ठाऊक असून गप्प बसलास तर डोकं फुटेल. बोललास तर मी परत झाडावर. चोवीस वेळा तीच वाट, तेच झाड, तेच ओझं. चोविसाव्या कोड्याचं उत्तर राजाला खरंच येत नाही. तो मुकाट चालत राहतो आणि गोष्ट तिथं उलटते. वेताळच त्याला सावध करतो: भिक्षू तुला साष्टांग नमस्कार घालायला सांगेल, वाकलास की मान उडवेल. तू म्हण, मला येत नाही, आधी तूच करून दाखव.

भूत वाचवतं. जीव घ्यायला बसलेला असतो तो रोज फळ देणारा माणूस.

या गोष्टींचा मूळ स्रोत मानला जातो तो गुणाढ्याचा 'बृहत्कथा' हा ग्रंथ. तोही सातवाहनांच्या प्रतिष्ठानशी जोडलेला, आणि तो पैशाची भाषेत, म्हणजे पिशाच्चांच्या बोलीत, असं परंपरा सांगते. मूळ ग्रंथ हरवला. तो कसा हरवला याची कथाही भयकथेला शोभेल अशीच. गुणाढ्यानं सात लाख श्लोक स्वतःच्या रक्तानं लिहिले. राजानं तुच्छतेनं परत धाडले. मग तो रानात एकेक पान मोठ्यानं वाचून आगीत टाकू लागला, आणि जनावरं चरणं सोडून ऐकत बसली. राजा धावत पोचला तेव्हा एक लाख उरले होते.

पैठणचाच दुसरा दाखला सोळाव्या शतकातला. एकनाथांनी भारूड लिहिलं: "भूत जबर मोठं गं बाई, झाली झडपड करू गत काई." झडपलेली बाई, देवऋषी, उताऱ्याची धावपळ, हा सगळा तमाशा ऐकणाऱ्यांच्या ओळखीचा होता. नाथांनी तो जसाच्या तसा उचलला आणि शेवटाकडे नेताना उघड केलं की हे भूत म्हणजे सगळ्यांच्या ठायी असलेला परमेश्वर. आजचे लोक ज्याला ट्विस्ट म्हणतात तो हाच, फक्त घाबरवण्याऐवजी उजेड पाडणारा. हरिदासी कीर्तनाची पूर्वरंग आणि उत्तररंग ही विभागणीही श्रोत्यांच्या अंगवळणी पडलेली. आधी निरूपण, मध्ये थोडा विसावा, मग आख्यान. मध्यंतराची सवय आपल्याला थिएटरनं लावली असं म्हणवत नाही.

लोकांच्या तोंडी असलेल्या भुतांची गोष्ट आणखी निराळी. आपल्याकडे भुताचं नाव हीच त्याची पूर्वकथा असते. मुंजा म्हटलं की समजायचं, मुंज झाली, सोडमुंज व्हायच्या आत पोरगं गेलं. हडळ म्हटलं की बाळंतपणात गेलेली. साती आसरा म्हटलं की बारव किंवा नदीचा डोह. खवीस हा शब्द तर अरबी 'खबीस'वरून आलेला. तेव्हा पटकथेत वीस मिनिटांचा भूतकाळ घालून मुंजा कसा झाला हे सांगणाऱ्यानं प्रेक्षकाला अडाणी समजलेलं असतं. पारावरच्या पिंपळाकडे बघून म्हातारीनं पदर सावरला की पुरे.

आणि चकवा. कोकणातल्या भुताला झाडी लागते, अंधार लागतो, पाऊस लागतो. २०१८चा 'तुंबाड' जवळजवळ अखंड पावसात भिजलेला आहे, आणि मराठी मनातलं भय बराच काळ कोकणातच मुक्काम करून आहे. मराठवाड्यात लपायला जागाच नाही. पिकं निघाल्यावर काळं शिवार क्षितिजापर्यंत उघडं. चकव्याला आडोसा लागतच नाही. मुक्कामी एसटीनं फाट्यावर उतरलेला माणूस गावाचा दिवा समोर दिसत असूनही रात्रभर त्याच बांधाला वळसे घालत राहतो आणि पहाटे फाट्यावरच सापडतो. वेताळाचीच फेरी ही, फक्त खांद्यावर कुणी नाही.

मात्र या प्रदेशाची खास अशी भयकथा कोणती विचाराल तर भानामती. लातूर, नांदेड, धाराशिव, सीमेपलीकडे बिदर आणि तेलंगणाचा काही भाग, इथं हा शब्द अजून आवाज खाली आणून उच्चारतात. घरावर दगड पडतात. दांडीवरचे कपडे पेट घेतात, कडब्याची गंज जळते. भाकरीच्या टोपल्यात घाण निघते. अंगावर, भिंतीवर फुल्या उमटतात. बाया कुत्र्यासारख्या भुंकतात, एकीचं बघून दुसरी. एक गोष्ट या सगळ्यात कमी असते, भूत. भानामती कुणीतरी 'करतं'. म्हणून पहिल्या दगडाबरोबर गाव आभाळाकडे न बघता शेजाऱ्याकडे बघतं. बांधावरून भांडण झालेला भाऊबंद, मूल नसलेली जाऊ, एकटी राहणारी विधवा. देवऋषी नाव घेत नाही, 'पूर्वेकडच्या घरातली, सावळ्या रंगाची' एवढंच म्हणतो, आणि उरलेलं काम गाव करतं.

दगडाच्या आवाजाचंही एक आहे. मातीच्या माळवदावर पडलेला दगड बद्द करून गप्प होतो. पत्रे आले तशी भानामती कानाला मोठी झाली, असं माझं आपलं निरीक्षण.

अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या कार्यकर्त्यांनी अशा कितीतरी घरांत मुक्काम केले. त्यांच्या कामाची रीत वाचली तर ती आयती पटकथा आहे. आधी घरातल्या प्रत्येकाशी वेगवेगळं बोलायचं. घटना कुठल्या वेळी घडतात, तेव्हा कोण कुठं असतं, कोण घरात नसलं की काहीच घडत नाही, हे मांडायचं. वर्तुळ लहान होत जातं आणि बहुतेकदा घरातल्याच कुणापाशी येऊन थांबतं: शाळा सुटलेली मुलगी, सासरी कोंडलेली सून, मनातलं बोलायला जागा नसलेलं कुणीतरी. कॅरोल यांचे चारही टप्पे इथं आहेत. खात्रीचा टप्पा तेवढा उलटा लागतो.

सिनेमानं हे का उचललं नाही? मोठं कारण धंद्याचं असावं. रामसे बंधूंनी १९७२च्या 'दो गज़ ज़मीन के नीचे'पासून कमी खर्चाच्या भयपटांची वाट पाडली. १९८४च्या 'पुराना मंदिर'नं ती पक्की केली: दोनशे वर्षांपूर्वीचा सैतान, घराण्याला शाप, शेवटी त्रिशूळ. छोट्या गावांतल्या थिएटरांत हे तुफान चाललं. राक्षस पोस्टरवर छापता येतो, संशय छापता येत नाही. मराठीत १९९३च्या 'झपाटलेला'नं भयाला विनोदाची जोड दिली आणि ती जोडी पुष्कळ काळ सुटली नाही. २०१७च्या 'लपाछपी'त मात्र चकवा उसाच्या फडात शिरला आणि खरा गुन्हा जित्या माणसांकडे परत आला.

दरम्यान तिसऱ्या अंकाची, म्हणजे पटकथेच्या शेवटाची, जमीनच सरकली. २० ऑगस्ट २०१३ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला. लगोलग जादूटोणाविरोधी वटहुकूम निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळानं कायदा केला. त्याच्या अनुसूचीतली पहिलीच बाब वाचा: भूत उतरवण्याच्या बहाण्यानं दोरीनं बांधणं, काठीनं मारणं, मिरचीची धुरी देणं. पटकथेत ज्याला क्लायमॅक्स म्हणतात तो आता दखलपात्र गुन्हा आहे. मांत्रिकाला नायक करून सिनेमा संपवणं त्यानंतर निदान मराठीत तरी निरागस राहिलेलं नाही.

जागांची ददात नाही. ढासळत्या गढ्या आहेत. जायकवाडीचं पाणी उतरलं की बुडालेल्या गावांच्या खुणा वर येतात. दसरा झाला की बीडकडची गावं ऊसतोडीला निघून जातात आणि मागं म्हातारी माणसं नि पोरं उरतात. किल्लारीच्या बाजूला ३० सप्टेंबर १९९३च्या भूकंपानंतर सोडून दिलेली गावठाणंही आहेत. तिथं कॅमेरा नेऊ नये असं मला वाटतं. विसर्जन करून झोपलेली माणसं पहाटे चारच्या आत स्वतःच्याच माळवदाखाली गेली. त्यांची नातवंडं पलीकडच्या पुनर्वसित गावात राहतात.

भानामतीच्या पटकथेचा खरा पेच शेवटात आहे. दगड कोण मारत होतं हे कार्यकर्त्यांना कळतं, पण ते नाव गावाला सांगत नाहीत. त्या मुलीला तिथंच राहायचं असतं, शिकायचं असतं, तिचं लग्न व्हायचं असतं. तिच्याशी आणि घरच्यांशी बोलून प्रकार थांबवतात आणि निघून जातात. कोडं सुटलेलं असतं आणि सोडवणारा मुद्दाम गप्प राहतो. गावात कुणी म्हणतं उताऱ्यानं थांबलं, कुणी म्हणतं दर्ग्यावर नारळ दिला म्हणून. आणि जिच्यावर आळ आला होता ती जाऊ सकाळी हापशावर येते, तेव्हा बाकीच्या बाया आपापल्या घागरी मुकाट्यानं थोड्या बाजूला ओढून घेतात.