मुदतीत की मुदतीपुरती?

मुस्लिम महिलांच्या हक्कांचा विषय निघाला की चर्चा 2017 च्या तीन तलाकच्या निकालापासून सुरू होते. महाराष्ट्राने तरी ती 18 एप्रिल 1966 पासून सुरू करावी. त्या दिवशी सात मुस्लिम महिला तोंडी तलाक आणि बहुपत्नीत्वाविरुद्ध मुंबईत विधानभवनावर मोर्चा घेऊन गेल्या होत्या.

इंदूरच्या शाहबानोच्या पोटगीचा 1985 चा निकाल सर्वांना ठाऊक आहे. महिना 179 रुपये 20 पैशांवरून देश ढवळून निघाला आणि पुढच्याच वर्षी संसदेने नवा कायदा केला. आता पोटगी इद्दतच्या, म्हणजे तलाकनंतर पुनर्विवाहाआधी थांबण्याच्या, तीन महिन्यांवर संपली, असं विरोधकांनी धरलं आणि समर्थकांनीही. या कायद्याचं कलम 3 मात्र नीट वाचायला हवं होतं. नवऱ्याने ‘वाजवी व रास्त तरतूद आणि पोटगी’ इद्दतच्या मुदतीत द्यावी, असं ते म्हणतं. मुदतीत की मुदतीपुरती? मुदतीपुरती म्हटलं, तर तीन महिन्यांचा खर्च टाकून नवरा मोकळा. मुदतीत म्हटलं, तर तेवढ्या काळात तिच्या पुढच्या आयुष्याची सोय लावणं त्याला भाग. शिवाय तरतूद वेगळी, पोटगी वेगळी. म्हणजे देणीही दोन. आणि सर्व धर्मांच्या बायकांना पोटगी मागता येणाऱ्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली तेव्हा महिन्याला कमाल 500 रुपये मिळत, इथे रकमेला मर्यादाच नव्हती.

गुजरात उच्च न्यायालयाने 1988 मध्येच ‘मुदतीत’ हा अर्थ लावला. काही न्यायालयं उलट गेली. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने 2000 मध्ये आणि सर्वोच्च न्यायालयाने 2001 मध्ये स्त्रीच्या बाजूचा अर्थ कायम केला. ही पंधरा वर्षं कोर्टात तारखांना हेलपाटे घालणाऱ्या बायकांची आहेत. चळवळीच्या इतिहासात त्यांना जागा मिळत नाही, याची खंत वाटते.

तलाकचंही तेच. बायकोने पोटगी मागितली की नवरा लेखी जबाबात एक ओळ घालायचा, ‘तलाक आधीच दिला आहे.’ आपला संसार मोडल्याचं तिला त्या कागदावरून कळायचं. 2002 मध्ये आधी औरंगाबादला मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने आणि नंतर सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशा ओळीने तलाक होत नाही. सबळ कारण हवं, समेटाचा प्रयत्न झालेला हवा, आणि हे सिद्धही करावं लागेल.

2017 चा निकाल तीन विरुद्ध दोन असा लागला. 2019 च्या कायद्याने तीन तलाक गुन्हा ठरवून तीन वर्षांपर्यंत कैद ठेवली. त्यावर महिला संघटनांतच दोन तट पडले. कारण नवरा तुरुंगात गेल्यावर घर चालवायचं कोणी, हा प्रश्न खरा होता.

जुलै 2024 मध्ये एका नवऱ्याने आक्षेप घेतला की 1986 चा कायदा असताना बायकोला कलम 125 चा आधार घेता येणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. शाहबानोने 1978 मध्ये अर्ज केला होता, तो याच कलमाखाली.