एका एल्बोची किंमत किती मीटर?

नाशिकहून दिंडोरीकडे निघालं की द्राक्षबागांच्या अधूनमधून वाइनरीच्या शेड दिसू लागतात. आत स्टेनलेस स्टीलच्या उंच टाक्या. द्राक्षरस आंबताना तापतो, आणि पांढऱ्या वाइनला तर साधारण १२ ते १८ अंशांतच ठेवावं लागतं. म्हणून टाकीभोवतीच्या जॅकेटमधून ग्लायकॉल मिसळलेलं गार पाणी फिरवतात. त्याची एक लाइन नेणारी, एक परत आणणारी. शिवाय रसाची लाइन वेगळी, टाक्या धुण्याच्या पाण्याची वेगळी, हवेची वेगळी. हे पाइप कुठून न्यायचे ते कॅड, म्हणजे ड्रॉइंग काढायच्या सॉफ्टवेअरवर आखतात. टाक्या आणि पंपांच्या जागा ठरलेल्या, कुठलं तोंड कुठल्या तोंडाला जोडायचं याची यादीही तयार. मग उरलेलं काम कॉम्प्युटरनं आपलं आपण का करू नये?

वाट शोधण्यापुरतं तो करतोच, आणि तेही फार पूर्वीपासून. १९६१ साली सी. वाय. ली यांनी सर्किटमधल्या जोडण्यांसाठी एक पद्धत मांडली. सगळ्या जागेची छोटी घरं पाडायची. सुरुवातीच्या घरात ०, त्याला लागून असलेल्या मोकळ्या घरांत १, त्यांच्या शेजारी २. कांद्याच्या वाफ्यात सोडलेलं पाणी ढेकळांना वळसा घालत पसरतं, तसे हे आकडे अडथळ्यांना वळसे घालत पसरतात. शेवटच्या घरापर्यंत पोचले की उतरत्या आकड्यांवरून मागे यायचं. वाट असेल तर सापडतेच, आणि तिच्याहून आखूड दुसरी नसते.

अडचण येते ती घरांच्या संख्येची. ३० मीटर लांब, २० मीटर रुंद आणि ८ मीटर उंच शेडची १० सेंटिमीटरची घरं पाडली तर ती होतात ४८ लाख. ५ सेंटिमीटरची पाडली की ३ कोटी ८४ लाख. चारी दिशांना आंधळेपणानं पसरण्याऐवजी मुक्कामाच्या रोखानं आधी शोधायचं, ही युक्ती १९६८ साली 'ए-स्टार' या पद्धतीतून आली. ती तयार झाली होती एका फिरत्या रोबोटसाठी. आजच्या कॉम्प्युटरला एवढी घरं जड जात नाहीत.

पण अशी निघालेली पहिली वाट फिटरला दाखवली तर तो हसेल. घरांच्या जाळीवर दोन वळणांची वाट आणि जिन्यासारखी वीस वळणांची वाट, दोन्हींची लांबी सारखीच भरते! सॉफ्टवेअरला दोन्ही एकच. प्रत्यक्षात प्रत्येक वळणाला एक एल्बो, म्हणजे पाइपाचा वाकडा तुकडा लागतो, एल्बोला दोन वेल्ड, आणि ४ इंची पाइपात एक एल्बो साधारण दोन मीटर सरळ पाइपाएवढा प्रवाह अडवतो. शिवाय त्या मापाच्या लाँग रेडियस, म्हणजे ऐसपैस वळणाच्या एल्बोचा मध्य ते टोक १५२ मिलिमीटर असतो, त्यामुळे दोन काटकोनी वळणं ३० सेंटिमीटरहून जवळ बसतच नाहीत. म्हणून वळणाला दंड लावतात: एक एल्बो म्हणजे समजा तीन मीटर. हा दंड मोजायचा तर 'कुठल्या घरात' एवढं पुरत नाही, 'कुठल्या दिशेनं आलो' हेही लक्षात ठेवावं लागतं, आणि वर, खाली आणि चार बाजू अशा सहा दिशांमुळे घरांचा पसारा सहा पट होतो.

तीनच का, पाच का नाहीत? माझ्या मते खरी गोम इथे आहे. आकडा कमी धरला तर जिना, जास्त धरला तर एक वळण वाचवायला पाइप अर्ध्या शेडला फेरी मारून येतो. आणि हा आकडा लाइनगणिक बदलतो.

रसाची लाइन घ्या. मध्ये येण्याजाण्याची वाट आडवी आली. पाइप वरून न्यावा की जमिनीलगत खाली उतरवून पुन्हा चढवावा? मीटर आणि एल्बो दोन्हीकडे सारखे. पण खालच्या खोलगट भागात रस साचून राहतो, धुतानाही पुरता निघत नाही, आणि जंतूंना घर मिळतं. पंपाच्या सक्शनला, म्हणजे ओढून घेणाऱ्या बाजूच्या पाइपाला उलट भीती, तिथे वर चढून उतरलेल्या भागात हवा अडकते. जाणकार ड्रॉइंगवर 'नो पॉकेट' एवढंच लिहितात. सॉफ्टवेअरला तो नियम वेगळा शिकवावा लागतो.

गरम लाइनीत तर सरळ वाटच घातक. ५० मीटर स्टीलच्या पाइपात १८० अंशांची वाफ सोडली की तो साधारण ९ सेंटिमीटर वाढतो. दोन्ही टोकं पक्की असतील तर आधार वाकतील किंवा जोड फाटतील. म्हणून मुद्दाम लूप घालतात. म्हणजे इथे जास्तीचे एल्बो हे नुकसान नाही, गरज आहे. एकलहऱ्याच्या औष्णिक केंद्रासारख्या ठिकाणी वाफ याहून कितीतरी गरम असते, तिथे लवचिकतेचं गणित आधी आणि लांबीचं नंतर.

आतापर्यंत बोललो ते एका पाइपाबद्दल. दहा असले तर ते कुठल्या क्रमानं टाकायचे? क्रम होतात ३६,२८,८००. आधी टाकलेला पाइप चांगली जागा अडवतो आणि नंतरच्याला कोंडतो. मग अडवणारे पाइप उपटून पुन्हा टाकायचे, असं सॉफ्टवेअर करत राहतं. फाटे आले की आणखी कठीण. तीन टाक्या समजा: दोघींत १० मीटर अंतर, तिसरी त्यांच्या बरोबर मधून ५ मीटर पुढे. काटकोनातच जाणारा पाइप टाकीकडून टाकीकडे नेला तर २० मीटर लागतात, मध्ये टी, म्हणजे तीन तोंडांचा जोड टाकून फाटा काढला तर १५. टाक्या वाढल्या की असे टी कुठे टाकायचे हा प्रश्न झपाट्यानं अवघड होतो. तो 'एनपी-कम्प्लीट' जातीचा आहे, म्हणजे नेमकं उत्तर झटपट काढायची पद्धत कुणालाच माहीत नाही अशांपैकी, हे १९७७ साली गॅरी आणि जॉन्सन यांनी सिद्ध केलं.

त्यामुळे बरीच ऑफिसं मोठ्या आणि गरम लाइनी आधी हातानं आखतात, मग मधल्या सॉफ्टवेअरकडे देतात. दोन इंचाखालच्या कितीतरी लाइनींवर नुसतं 'फील्ड रूट' लिहिलेलं असतं. त्या कुठून जायच्या ते साइटवरचा फिटर टेप लावून ठरवतो, आणि व्हॉल्व्हचं चाक हाताला येईल एवढ्या उंचीवर ठेवायला तो सहसा विसरत नाही.