आपत्तीनंतर रस्ते पूर्ववत करण्याची कामे (गोवा)

दरड कोसळणे, रस्ता खचणे, पूल किंवा मोरी (रस्त्याखालून पाणी जाण्याची वाट) वाहून जाणे, वादळात झाडे आडवी पडणे अशा कारणांनी तुटलेला संपर्क पुन्हा जोडण्यासाठी केली जाणारी स्थापत्यकामे. ढिगारा उपसणे, तात्पुरता मार्ग काढणे, डोंगरउतार स्थिर करणे आणि कायमचे बांधकाम करणे असे या कामाचे टप्पे पडतात. गोव्यात मुख्य जबाबदारी सार्वजनिक बांधकाम खात्याची (साबांखा) असते. आपत्ती व्यवस्थापन कायदा २००५ नुसार वाहतूक बंद वा खुली करण्याचे आदेश जिल्हाधिकारी काढतात. मातीचा ढीग बाजूला झाला की रस्ता सुरू झाला, असे सर्वसाधारणपणे मानले जाते. गोव्यात तरी ही समजूत महाग पडते. इथे रस्ता मोडणारे मूळ कारण पाणी असते आणि त्याला वाट मिळेपर्यंत दुरुस्ती पुरी झाली असे म्हणता येत नाही.

राज्यात वर्षाला सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तो जवळजवळ सगळा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत. सह्याद्रीच्या पायथ्याच्या सत्तरी, सांगे भागात तो याहून बराच जास्त असतो. किनारपट्टी आणि मधल्या पट्ट्यात वर जांभा दगड आणि त्याखाली मऊ चिकणमाती अशी रचना वारंवार आढळते. जांभा सच्छिद्र असल्याने पाणी त्यातून खाली उतरते, चिकणमातीच्या थरावर अडते आणि तो थर निसरडा होऊन वरचा भार घेऊन सरकतो. रस्त्यासाठी डोंगर उभा कापला असेल तर त्याचा खालचा आधार आधीच गेलेला असतो. पेडणे तालुक्यात मालपे येथे राष्ट्रीय महामार्ग ६६ च्या कडेला कापलेल्या डोंगराने दिलेला त्रास याच प्रकारचा आहे.

गोव्याला बेळगावशी जोडणारे घाटरस्ते मोजकेच आहेत. मोले येथून चढणारा अनमोड घाट (राष्ट्रीय महामार्ग ७४८, पूर्वीचा ४ए) आणि केरीहून चढणारा चोर्ला घाट हे त्यातले मुख्य. गोव्याच्या बाजारातली भाजी मोठ्या प्रमाणात बेळगावहून येते. त्यामुळे एक घाट बंद पडला की त्याची झळ त्याच आठवड्यात म्हापसा-मडगावच्या बाजारात पोचते आणि सगळा भार दुसऱ्या घाटावर जातो. जुलै २०२५ मध्ये अनमोड घाटात दूधसागर मंदिराजवळ रस्ता तडकून दरीच्या बाजूने खचला, तेव्हा अवजड वाहतूक थांबवावी लागली. चोर्ल्याची वळणे अरुंद आहेत आणि इतकी अवजड वाहतूक पेलण्याच्या हिशेबाने तो रस्ता बांधलेला नाही. एका घाटाची दुरुस्ती लांबली की दुसराही खिळखिळा होऊ लागतो, म्हणून अशा वेळी पर्यायी रस्त्यावर वजनाची मर्यादा घालणे हा दुरुस्तीचाच भाग धरला पाहिजे.

रेल्वेलाही हाच डोंगर ओलांडावा लागतो. २३ जुलै २०२१ रोजी दूधसागर आणि सोनावळी या स्थानकांदरम्यान दरडीमुळे मंगळूरु-मुंबई एक्सप्रेस रुळांवरून घसरली. कोकण रेल्वेच्या जुने गोवे बोगद्यात चिखल शिरल्याने गाड्या मडगाव-लोंढा-मिरज मार्गाने वळवल्या होत्या आणि त्यांतलीच ही एक.

दरड उपसण्याची पद्धत

दरड पडल्याचे कळताच जेसीबी पाठवला जातो, पण यंत्र लावण्याआधी कोणीतरी वर चढून डोंगराचा माथा पाहायला हवा. माथ्यावर अर्धचंद्राच्या आकाराची भेग दिसली तर सरकणे अजून थांबलेले नाही असे समजावे. ती भेग मातीने बुजवून तिच्यावर ताडपत्री अंथरतात आणि वरून येणारे पाणी लहान चर खणून बाजूच्या ओहोळात सोडतात. दोन-चार मजूर आणि फावडी एवढ्यावर होणारे हे काम पुढचा धोका कमी करते. यानंतर लोंबकळणारे दगड आणि मुळे सुटलेली झाडे वरून काढून घेतात.

रस्त्यावर पडलेला ढीगच कित्येकदा वरच्या मातीला टेकू देत असतो. घाईने तो तळातून ओढला की आणखी माती खाली येते आणि कधी यंत्रासह चालकालाही गाडते. म्हणून ढीग वरून उतरवत, कडेकडेने, थोडा थोडा काढतात. पोकलेन मागे माती देतो, डंपर ती लांब नेऊन टाकतो आणि एक माणूस शिट्टी घेऊन फक्त डोंगराकडे पाहत उभा असतो. बारीक खडे सुटू लागले, झाड कलले, एरवी स्वच्छ असलेले झिरपणीचे पाणी अचानक गढूळ झाले तर शिट्टी वाजते आणि सगळे मागे सरतात. ज्याच्या हातात एकही यंत्र नाही अशा या माणसावर बाकीच्यांचा जीव अवलंबून असतो, आणि मनुष्यबळ अपुरे असले की हेच काम सर्वात आधी वगळले जाते. ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

उपसलेली माती समोरच्या दरीत ढकलण्याचा मोह मोठा असतो, कारण त्याने डंपरच्या फेऱ्या वाचतात. पण ती माती खालच्या उतारावर भार टाकते, पाऊस आला की नाल्यात उतरते आणि खालच्या वळणावरची मोरी बुजवते. मग पाणी रस्त्यावरून वाहते आणि दुसरीकडे रस्ता कापला जातो.

उतार थोडा स्थिरावला की डोंगराकडची एक मार्गिका आधी खुली करतात. दरीकडचा भाग बहुधा भरावाचा असतो आणि खचण्याची भीती तिथेच असते. वाहने आळीपाळीने सोडतात, अवजड वाहनांना मनाई असते आणि रात्री घाट बंद ठेवतात.

पूल, मोऱ्या आणि बेली पूल

पुरात पुलाचा गाळा (दोन आधारांमधला भाग) शाबूत राहून दोन्ही टोकांचा जोडरस्ता वाहून जाणे हा सर्रास घडणारा प्रकार आहे. पाण्यासोबत आलेले ओंडके आणि झुडपे खांबांत अडकतात, पाणी तुंबते आणि भरावाला फोडून बाजूने निघून जाते. अशा ठिकाणी मोठे दगड टाकून, वर मुरूम दाबून दोन-तीन दिवसांत वाट करता येते. खांबाचा पाया उघडा पडला असेल तर मात्र तपासणीशिवाय वाहन सोडू नये. रस्त्याची वरची पातळी सरळ दिसते म्हणून पूल सुरक्षित ठरत नाही. जुलै २०२१ च्या पुरात सत्तरीतील पैकुळ येथे रगाडा नदीवरचा पूल कोसळला आणि पलीकडच्या लोकांना गुळेलीकडे यायला मोठा वळसा घ्यावा लागला. २ ऑक्टोबर २००९ रोजी काणकोणात आलेल्या महापुरानेही तळपण आणि गालजीबाग या नद्यांच्या काठांवर मोठी पडझड केली.

पूलच गेला असेल तर बेली पूल हा जुना, भरवशाचा उपाय. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिश अभियंते डोनाल्ड बेली यांनी त्याची रचना केली. १० फूट लांबीची लोखंडी चौकट हा त्याचा मूळ घटक. ती सुमारे २६० किलोची असते आणि सहा जण उचलू शकतात. चौकटी खिळींनी एकमेकींना जोडून पूल एकाच काठावर रोलरांवर जुळवतात आणि पुढे हलकी जोड लावून अख्खा सांगाडा पलीकडे ढकलतात. नदीत खांब लागत नाही, क्रेनवाचूनही काम होते. जुलै २०२४ मध्ये वायनाडच्या भूस्खलनानंतर लष्कराच्या मद्रास इंजिनिअर ग्रुपने चूरलमला येथे १९० फुटांचा असा पूल दीड दिवसाच्या आत उभारला. त्या तुकडीतील मेजर सीता शेळके मूळच्या महाराष्ट्रातल्या. असा पूल वेळेवर पोचण्यासाठी चौकटी जवळ साठवलेल्या असाव्या लागतात, आणि त्या वाहून नेणाऱ्या ट्रकांना रस्ता लागतो. सत्तरी-सांग्यासारख्या भागासाठी साठा घाटाच्या पायथ्याशीच असणे शहाणपणाचे ठरेल.

कायमचा पूल किती लवकर होऊ शकतो याचे उदाहरण मुंबई-गोवा महामार्गावरच आहे. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरचा ब्रिटिशकालीन दगडी पूल पुरात वाहून गेला आणि नवा पूल १६५ दिवसांत बांधून जून २०१७ मध्ये खुला झाला. मोठ्या नद्यांवर मात्र मधल्या काळाचा आधार फेरीबोटच. ५ जुलै १९८६ रोजी पणजीचा मांडवी पूल कोसळला (कारण आपत्तीचे नव्हते, पण परिणाम तोच), तेव्हा नवा पूल होईपर्यंत पणजी-बेती वाहतुकीचा मोठा भार फेरीबोटींनी वाहिला. नदी परिवहन खात्याच्या बोटी टिकवून ठेवण्यामागे हेही एक भक्कम कारण आहे.

खाजन भागातील रस्ते

दिवाडी, चोडण आणि तिसवाडीच्या सखल भागांत काही रस्ते खाजन शेतीच्या (बांध घालून खाऱ्या पाण्यापासून राखलेली सखल जमीन) बांधांवरून किंवा त्यांना लागून जातात. बांध फुटला की खारे पाणी शेतात शिरते आणि रस्ताही जातो. इथली दुरुस्ती ओहोटीच्या वेळीच होते. चिखल आणि जांभ्याचे दगड आधी जवळ आणून ठेवायचे आणि पाणी ओसरताच भगदाड बुजवायचे. मानशीची (भरतीचे पाणी अडवणारी झडप) दारे नीट चालत नसतील तर नवा बांधही टिकत नाही. नुसती काँक्रीटची भिंत घालून पाण्याची ये-जा कोंडणारी कामे कुठे ना कुठे फुटतातच. पणजी-रायबंदर दरम्यानचा, १६३३-३४ साली बांधलेला लांब सेतू आजही वापरात आहे. दलदलीवरच्या बांधकामाबद्दल त्याच्याकडून अजून बरेच शिकता येईल.

वादळानंतरची कामे

मे २०२१ च्या तौक्ते चक्रीवादळात रस्ते अडले ते मुख्यतः झाडे आणि वीजखांब पडून. अशा वेळी पहिला मान अग्निशामक दलाच्या करवतींचा. आडव्या झाडात वीजवाहिनी गुंतलेली असली तर वीज खात्याकडून प्रवाह बंद झाल्याची खात्री होईपर्यंत करवत लावायची नाही, हा नियम आहे. ग्रामस्थ कोयते घेऊन स्वतः वाट मोकळी करतात तेव्हा हाच नियम मोडला जातो.

कायमस्वरूपी दुरुस्ती

यात भोके पाडून मातीचे थर तपासणे, उतार पायऱ्यापायऱ्यांनी कापणे, लोखंडी सळया खोल ठोकून माती बांधणे, जाळीच्या पिंजऱ्यात दगड भरून भिंत रचणे आणि उतारात आडव्या सच्छिद्र नळ्या घालणे ही कामे येतात. जाळीतल्या दगडांची भिंत घाटात उपयोगी पडते, कारण ती थोडी वाकली तरी मोडत नाही आणि तिच्यातून पाणी जाते. काँक्रीटची भिंत घालायची तर तिच्यामागे खडीचा थर आणि तिच्यात पाणी निघायला छिद्रे हवीतच. छिद्रे बुजलेली भिंत मागच्या पाण्याच्या दाबानेच आडवी होते.

अडचण बहुधा पैशांच्या रचनेत असते. आपत्ती निधीतून तातडीच्या दुरुस्तीला पैसे मिळतात, कायमच्या बांधकामाला वेगळी तरतूद करावी लागते. तोवर पुढचा पावसाळा येतो. अनमोड आणि चोर्ला हे दोन्ही घाट अभयारण्यांच्या परिसरातून जात असल्याने वनखात्याची परवानगीही लागते. ती अडवणूक समजू नये, कारण वरचे जंगल तुटले तर घाटात येणारे पाणी वाढेल. भराव आणि डांबरीकरण पाऊस संपल्यावरच होते, म्हणून हातात ऑक्टोबर ते मे एवढाच काळ उरतो. यातला मे महिना गटारे आणि मोऱ्या उपसण्यासाठी राखावा लागतो. पालापाचोळा, दगड आणि मागच्या वर्षीचा गाळ काढून प्रत्येक मोरीचे तोंड आरपार दिसेल इतके मोकळे करणे हे या सगळ्या कामांतले सर्वात स्वस्त काम आहे.