फिकट रंगाच्या सीट आणि जीन्सचा निळा : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

बेज, क्रीम, आइस ग्रे. शोरूममध्ये बसून बघितलं की गाडी आतून ऐसपैस वाटते आणि तिथंच रंग ठरतो. काही महिन्यांनी ड्रायव्हर सीटच्या दाराकडच्या फुगीर कडेवर निळसर झाक दिसायला लागते. बरेच जण ती धूळ समजून ओल्या फडक्यानं पुसतात, जात नाही म्हणून सोडून देतात, आणि सीट पार निळी झाली की गाडी घेऊन आमच्याकडं कोल्हापूरच्या उद्यमनगरात सीटच्या सफाईला येतात. हे पत्रक त्या मधल्या महिन्यांसाठी आहे. वाचून घरच्या घरी काम झालं तर उत्तमच.

रंग का सुटतो

जीन्सचा निळा म्हणजे नीळ, इंडिगो. कापडाचे काही रंग सुताशी रासायनिक बंध करून घट्ट बसतात, नीळ तसं करत नाही. ती पाण्यात विरघळतच नाही. त्यामुळं कारखान्यात तिला आधी विरघळणाऱ्या रूपात आणतात, त्यात धागा बुडवतात, आणि धागा बाहेर काढला की हवेतल्या ऑक्सिजननं ती धाग्यावरच पुन्हा निळी होते. हा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच राहतो, आतला गाभा पांढरा असतो. जीन्स गुडघ्यावर आणि मांडीवर पांढरी पडते ती याच कारणानं. तिथला निळा घासून निघून जातो, आणि त्यातला थोडा तुमच्या सीटवर येतो.

घासणं, ओल आणि उष्णता, या तिन्हींनी रंग जास्त सुटतो. गाडीत चढता-उतरता सगळं अंग त्या एकाच कडेवरून घासत जातं, म्हणून डागाची सुरुवात बहुतेक वेळा तिथंच होते. आपल्याकडं जुलै-ऑगस्टमध्ये भिजलेल्या कपड्यांनी गाडीत बसणं टळत नाही, आणि मे महिन्यात उन्हात लावलेल्या गाडीची सीट तापलेली असते, वर घाम. म्हणजे डागाला वर्षभर सोय आहे.

कापडाचा रंग घासून किती सुटतो हे मोजायची आंतरराष्ट्रीय पद्धत आहे, आयएसओ 105-एक्स12. पांढरं सुती कापड कोरडं आणि ओलं अशा दोन्ही प्रकारे घासून 1 ते 5 गुण देतात, 5 म्हणजे सर्वांत चांगलं. घरी यंत्र लागत नाही. नव्या जीन्सच्या मांडीवर पांढरा ओला रुमाल दहा वेळा घासून बघा. रुमाल निळा झाला तर ती जीन्स दोन-तीन धुण्यांनंतरच गाडीत. उलटी करून, गार पाण्यात, बाकीच्या कपड्यांपासून वेगळी धुवा. मीठ किंवा व्हिनेगर घातल्यानं रंग पक्का होतो असं घरोघरी सांगतात, पण नीळ त्यानं पक्की होत नाही. जास्तीचा रंग धुऊनच काढावा लागतो.

तुमची सीट लेदरची आहे का?

बोलताना सगळ्यालाच लेदर म्हणतात. प्रत्यक्षात बऱ्याच गाड्यांत लेदरेट, म्हणजे चामड्यासारखं दिसणारं कृत्रिम आवरण असतं, आणि जिथं खरं लेदर असतं तिथंही पुष्कळदा फक्त अंग टेकतं तेवढ्याच भागावर, बाजू आणि पाठ लेदरेटची. हा फरक डागाच्या बाबतीत महत्त्वाचा आहे. गाडीच्या लेदरवर साधारणपणे रंगाचा थर आणि त्यावर पॉलियुरेथेनचा पारदर्शक थर असतो. डाग त्या वरच्या थरावर आहे तोवर तो निघायची चांगली आशा असते. पीव्हीसीच्या लेदरेटमध्ये मात्र ते मऊ राहावं म्हणून प्लास्टिसायझर घातलेलं असतं, आणि कपड्याचा रंग त्याच्यासोबत हळूहळू आत मुरतो. आत मुरलेला रंग वरून कितीही घासला तरी येत नाही. म्हणून लेदरेटवाल्यांनी उलट जास्त घाई करायची, ‘काय, रेक्झिनच तर आहे’ असं म्हणायचं नाही.

फक्त जीन्सच नाही

संक्रांतीची काळी साडी, नवा गडद कुर्ता, स्वस्त पट्टा, रंगीत रेक्झिनची पर्स, सगळ्यांचा रंग लागतो. पावसात भिजलेल्या कोल्हापुरी चपला सीटवर ठेवू नका, ओल्या चामड्याचा तपकिरी डाग फार चिवट असतो. आणि एक गंमत नेहमी दिसते : सीट खराब होऊ नये म्हणून लोक तिच्यावर नवा गडद टॉवेल अंथरतात, आणि डाग त्या टॉवेलचाच पडतो. अंथरायचाच तर पांढरा, धुतलेला.

गुलालाचं वेगळं सांगायला हवं, कारण आपल्याकडं तो वर्षभर उडतो. जोतिबाची चैत्र यात्रा, निवडणुकीचा निकाल, तालमीच्या टीमनं फुटबॉलची मॅच मारली की मिरवणूक. गुलाल सीटवर पडला तर पहिल्यांदा ओलं फडकं लावायचं नाही. पाणी लागलं की पावडरीचा रंग सुटून शिवणीत आणि भोकांत शिरतो. आधी हलक्या हातानं झटका, मग व्हॅक्युम, आणि शेवटी उरलेल्यावर क्लीनर. अंगावर गुलाल असेल तर गाडीत बसण्याआधी कपडे बाहेरच झाडा. तेवढी दोन मिनिटं मिरवणूक थांबते.

पट्टणकोडोलीच्या यात्रेतला भंडारा म्हणजे हळद, आणि हळदीला साबण चालत नाही. अल्कलीनं, म्हणजे चुन्यासारख्या पदार्थानं, हळद लाल होते, कुंकू असंच करतात. आपल्या बहुतेक साबणांत अल्कली असते, मग पिवळ्याचा लालसर डाग होतो आणि लोक घाबरतात. हळदही आधी कोरडीच काढा, मग सौम्य क्लीनर वापरा. थोडी पिवळी झाक राहिली तर काळजी करू नका, हळदीचा रंग उजेडात आपोआप उडतो. गाडीत येणारा रोजचा उजेड त्याला पुरतो.

डाग दिसला, आता काय

लेदरसाठीचा सौम्य क्लीनर घ्या. नसेलच तर एखाद्या वेळेपुरते कोमट पाण्यात बेबी शाम्पूचे काही थेंब चालतील. आधी सीटखाली न दिसणाऱ्या जागी करून बघा. क्लीनर सीटवर थेट ओतू नका, ब्रशवर किंवा फडक्यावर घेऊन फेस करा, मऊ ब्रश हलक्या हातानं फिरवा आणि लगेच पांढऱ्या मायक्रोफायबरनं टिपून घ्या. फडकं पांढरंच हवं, म्हणजे रंग निघतोय की नाही ते दिसतं. फडक्याची निळी झालेली घडी बदलत राहा, नाहीतर काढलेला रंग परत सीटवर पसरतो. दोन-तीन वेळा हलकं करणं हे एकदा जोर लावण्यापेक्षा बरं. भोकांच्या, हवा येणाऱ्या व्हेंटिलेटेड सीटवर पाणी अगदी कमी, कारण भोकांतून ते थेट फोम आणि पंख्यापर्यंत जातं.

थिनर, पेट्रोल आणि नेलपॉलिश रिमूव्हर यांना हात लावू नका. डाग जातो, पण सीटचा वरचा थर घेऊन जातो, आणि पुढं तिथंच डाग पटापट बसतात. टूथपेस्ट, खायचा सोडा, घासणी आणि ‘जादूचा’ म्हणून विकला जाणारा पांढरा स्पंज हेही वर्ज्य. तो स्पंज म्हणजे बारीक पॉलिशपेपरच समजा. खोबरेल तेलानं सीट चमकते खरी, पण तेलकटपणावर धूळ धरते आणि सीट आणखी काळी पडते.

आमच्या मते सगळ्यात उपयोगी सवय एकच आहे, आणि ती फुकट आहे. पंधरा दिवसांतून एकदा गाडी धुताना ड्रायव्हर सीटची ती कड आणि बसायचा भाग पांढऱ्या ओलसर फडक्यानं पुसा आणि फडक्याकडं बघा. निळं दिसलं तर त्याच दिवशी क्लीनर लावा.

कोटिंग घ्यावं का

कोटिंग आम्ही विकतो, तरी स्पष्ट सांगतो : काळ्या, गडद तपकिरी किंवा टॅन सीटवर जीन्सच्या डागासाठी पैसे घालू नका. फिकट सीटवर मात्र त्याचा उपयोग होतो. कोटिंग म्हणजे सीटवर बसवलेला एक झिजणारा थर. रंग त्या थरावर अडकतो आणि पुसून निघतो. पण रंग ‘लागतच नाही’ असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. घासणं जिथं जास्त, तिथं कोटिंगही आधी झिजतं, त्यामुळं ड्रायव्हरच्या कडेवर ते पुन्हा लवकर द्यावं लागतं, मागच्या सीटवर बरंच टिकतं. पाण्याचे थेंब गोल होऊन घरंगळतात म्हणजे रंगही अडेल असं नाही, त्यामुळं नुसता थेंबांचा व्हिडिओ बघून माल घेऊ नका. कंडिशनरचं काम लेदर मऊ ठेवणं, डाग अडवणं नाही. आधीच डाग असेल तर तो पहिल्यांदा काढावा लागतो, नाहीतर कोटिंगखाली तो कायमचा कैद होतो. नवी गाडी घेतल्या-घेतल्या आणलीत तर काम सोपं आणि स्वस्त.

सीट कव्हरनंही भागतं, पण बाजूची एअरबॅग सीटमध्येच असलेल्या गाडीला साधं कव्हर शिवून घेऊ नका. एअरबॅग उघडेल त्या जागी खास शिवण लागते. सीटच्या कडेला एअरबॅगची छोटी पट्टी लावलेली आहे का ते बघा.

मुरलेला डाग असेल तर शेवटचा उपाय म्हणजे तेवढ्या भागाला पुन्हा रंग देणं. खरं लेदर असेल तर ते काम छान होतं. लेदरेटवर आतला रंग पुन्हा वर येण्याचा धोका राहतो, तिथं आम्ही पॅनेल, म्हणजे आवरणाचा तेवढा तुकडा, बदलून घ्या म्हणतो.

गाडी आणताना

डागावर आधी काय काय लावलंय ते सगळं सांगा, थिनर लावला असेल तरीही. कुणी रागवत नाही, फक्त पुढचा क्लीनर त्यावर ठरतो. सफाई आणि कोटिंग दोन्ही असेल तर गाडी रात्रभर ठेवावी लागते, पावसाळ्यात सुकायला आणखी वेळ जातो. घरी नेल्यावर पहिला दिवस सीट कोरडी ठेवा आणि त्या दिवशी नवी जीन्स घालू नका. दर सीटचा प्रकार आणि डाग बघूनच सांगतो, फोनवर नाही. गाडी देताना सीटच्या मागच्या खिशातली कागदपत्रं आणि मुलांची खेळणी तेवढी काढून आणा.