फॉरमॅट मारायच्या आधी

ठाणे स्टेशनच्या आसपासच्या दुरुस्तीच्या दुकानात लॅपटॉप नेला की बहुतेक वेळा निदान ठरलेलं असतं: ‘विंडोज करप्ट झालीय, फॉरमॅट मारावा लागेल.’ दुकानदाराचं अगदीच चुकतं असं नाही. बिघाड शोधायला किती वेळ लागेल ते आधी सांगता येत नाही, डिस्क पुसून नव्याने विंडोज टाकायचा फॉरमॅट मात्र संध्याकाळपर्यंत होतो. गिऱ्हाइकाच्या बाजूने पाहिलं तर हा प्रकार म्हणजे एका फ्लॅटच्या बाथरूमला गळती लागली म्हणून अख्ख्या सोसायटीच्या रिडेव्हलपमेंटचा ठराव.

कोर्ट नाक्यावर प्रतिज्ञापत्रं टाइप करून देणाऱ्याचा संगणक डोळ्यांसमोर आणा. प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र क्रमांक देणारं युनिकोड येण्याआधीचे मराठी फॉन्ट, बोटांना सवयीचा झालेला कीबोर्ड लेआउट, जुन्या प्रिंटरचा आता शोधूनही न सापडणारा ड्रायव्हर, डिजिटल सहीच्या टोकनचं सॉफ्टवेअर. त्या जुन्या फॉन्टमध्ये मराठी अक्षरं इंग्रजी अक्षरांच्याच क्रमांकांवर बसवलेली असत. त्यामुळे बॅकअपमधून फाइल सहीसलामत परत आली, तरी फॉन्ट नसेल तर पडद्यावर नुसती इंग्रजी अक्षरांची खिचडी दिसते. ‘डेटा वाचवलाय’ म्हणून सांगतात, त्यात हे सगळं धरलेलं नसतं.

बिघाड प्रत्यक्षात केवढासा असू शकतो, ते १९ जुलै २०२४ रोजी जगाने पाहिलं. क्राउडस्ट्राइक या सुरक्षा कंपनीने एक सदोष अपडेट पाठवलं आणि मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार सुमारे ८५ लाख विंडोज संगणक निळ्या पडद्यावर अडकले. आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यायची वेळ आली. अपडेटला २१ मूल्यं हवी होती, प्रोग्रॅम पुरवत होता २०. एकविसावं वाचायला गेलेला त्या कंपनीचा ड्रायव्हर, म्हणजे विंडोजच्या गाभ्यात चालणारा प्रोग्रॅम, मेमरीत नको तिथे पोचला आणि विंडोज कोसळली. तो ड्रायव्हर संगणक सुरू होतानाच लोड होत असल्याने रीस्टार्ट केलं की पुन्हा तेच. उपाय साधा होता: सेफ मोडमध्ये जायचं, कारण तिथे असे बाहेरचे ड्रायव्हर लोड होत नाहीत, आणि त्या अपडेटची सदोष फाइल डिलीट करायची.

बिघाड विंडोजच्या स्वतःच्याच एखाद्या फाइलमध्ये असेल, तर ती शोधायची सोय विंडोजकडेच आहे. प्रत्येक सिस्टिम फाइलच्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांबलचक आकडा, म्हणजे हॅश, विंडोजकडे नोंदवलेला असतो. फाइलमधला एक बिट बदलला तरी हॅश पार वेगळा येतो. अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘एसएफसी स्कॅननाऊ’ ही आज्ञा दिली की हे आकडे ताडून पाहिले जातात आणि बिघडलेल्या फाइलच्या जागी विंडोजच्या आतल्या कोठारातली, म्हणजे विनएसएक्सएस फोल्डरमधली, चांगली प्रत बसवली जाते.

इथे एक गोम आहे. कोठारातली फाइल आणि वापरातली फाइल या पुष्कळदा दोन प्रती नसतातच. डिस्कवरच्या एकाच मजकुराची ती दोन नावं असतात. कुठल्या प्रोग्रॅमने वापरातली फाइल काढून दुसरी ठेवली, तर मूळ मजकूर कोठाराच्या नावाखाली शाबूत राहतो. पण डिस्कवरची ती जागाच खराब झाली तर दोन्ही नावांखाली कचराच. म्हणून आधी ‘डिझम’ या विंडोजच्याच दुसऱ्या आज्ञेचा रिस्टोअरहेल्थ पर्याय चालवायचा. तो चांगल्या फाइल विंडोज अपडेटमधून आणून कोठार दुरुस्त करतो. एसएफसी त्यानंतर. अनेक जण नुसती एसएफसी चालवतात आणि ‘काही उपयोग झाला नाही’ म्हणून सोडून देतात.

यानेही भागलं नाही तर विंडोज आहे तिच्यावरच पुन्हा चढवता येते. विंडोज ११च्या ताज्या आवृत्त्यांत सेटिंग्जच्या रिकव्हरी पानावर ‘विंडोज अपडेटने दुरुस्त करा’ अशा अर्थाचं बटण आहे; त्यात प्रोग्रॅम, फाइल आणि सेटिंग्ज जागच्या जागी राहतात. शेजारचं ‘रीसेट’ हे वेगळं प्रकरण. त्यात ‘माझ्या फाइल ठेवा’ निवडलं तरी नंतर टाकलेले प्रोग्रॅम उडतात, म्हणजे कोर्ट नाक्यावरचे फॉन्टही गेलेच म्हणून समजा. संगणक विंडोजपर्यंत पोचतच नसेल, तर सुरू होताना दोन-तीनदा अडखळल्यावर दुरुस्तीचा पडदा आपोआप येतो. तिथे शेवटचं अपडेट काढता येतं, किंवा सिस्टिम रिस्टोअर चालू ठेवलेलं असेल तर जुन्या तारखेला परत जाता येतं. मात्र डिस्क बिटलॉकरने कुलूपबंद असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की मागितली जाते. मायक्रोसॉफ्ट अकाउंटमध्ये ती पाहून आजच कागदावर उतरवून ठेवा.

संशय डिस्कवरच असेल, म्हणजे फाइल कॉपी करताना संगणक गोठत असेल किंवा हार्ड डिस्क टकटक करत असेल, तर यातलं काहीच आधी करू नका. पहिल्यांदा डेटा बाहेर काढा. अशा डिस्कवर फॉरमॅट काही दिवस ‘लागू पडतो’, कारण नवी विंडोज योगायोगाने चांगल्या जागांवर उतरते. महिन्याभरात तोच लॅपटॉप त्याच काउंटरवर परत येतो आणि दुसऱ्या फॉरमॅटचेही पैसे जातात. खोलवर शिरलेला व्हायरस असेल तर मात्र मीही घासाघीस करत नाही. तिथे डिस्क कोरी करून नव्याने विंडोज टाकलेलीच बरी.