म्युलरचा मिलर कुणी केला?

अमेरिकेतल्या मिलर घराण्यांत एक गोष्ट हमखास ऐकू येते: जर्मन पणजोबा न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटावर, स्थलांतरितांच्या तपासणी केंद्रात, उतरले, तिथल्या कारकुनाला ‘म्युलर’ लिहिता येईना, त्याने ‘मिलर’ लिहून मोकळं केलं. गोष्ट झकास आहे, पण टिकत नाही. एलिस बेटावरचं केंद्र 1892 मध्ये उघडलं. जर्मनांच्या स्थलांतराचा कळस त्याआधीच, 1882 च्या सुमारास, होऊन गेला होता. शिवाय तिथले अधिकारी नावं नव्यानं लिहीत नसत. ब्रेमेन किंवा हॅम्बुर्गला जहाजावर चढताना झालेली यादी समोर ठेवून ते पडताळणी करत, आणि दुभाषे हाताशी असत.

खरा बदल दीडशे वर्षं आधीचा, फिलाडेल्फियातला. युद्धं, कर आणि 1709 चा जीवघेणा हिवाळा यांनी गांजलेले ऱ्हाईनकाठचे शेतकरी आणि कारागीर बाहेर पडू लागले. पुढे त्यांचा ओघ पेन्सिल्व्हेनिया या ब्रिटिश वसाहतीकडे, म्हणजे फिलाडेल्फिया बंदराकडे, वळला. 1727 पासून वसाहतीनं सक्ती केली: कप्तानानं प्रवाशांची यादी द्यायची आणि 16 वर्षांवरच्या पुरुषांनी राजनिष्ठेची शपथ घेऊन सही करायची. हे कागद शाबूत आहेत. एकाच जहाजाचा एकच माणूस त्यांत दोनदा भेटतो. कप्तानाच्या यादीत इंग्रजी वळणाचा ‘मिलर’, शपथेखाली स्वतःच्या हातच्या टोकदार जर्मन अक्षरांत ‘म्युलर’. ज्याला लिहिता येत नसे तो नुसती खूण करी. नाव कारकून घाली.

तरी नाव ‘बिघडवल्याचा’ आरोप मला अन्यायाचा वाटतो. नैर्ऋत्य जर्मनीच्या बोलींत ‘म्युलर’मधला ओठ गोल करून काढायचा स्वर सरळ ‘इ’ होतो. कारकुनानं ऐकलं तेच लिहिलं. स्वाबिया आणि बव्हेरियात ‘मिलर’ लिहिणारी घराणी मुळातच आहेत, उत्तरेत ‘म्योलर’. (आपणही ‘मुल्लर’ आणि ‘म्युलर’ दोन्ही लिहितोच.) त्यात इंग्रज मिलर वेगळेच, त्यामुळे आडनावावरून जर्मन मूळ ठरवणं धोक्याचं.

‘म्युलर’ म्हणजे पिठाची गिरणी चालवणारा. या गिरणीवाल्यांबद्दल मध्ययुगात पिठात हात मारतात असा संशय असे, कारण कुळांना जमीनदाराच्याच गिरणीत दळण न्यावं लागे. अनेक कारागीर संघ त्यांच्या मुलांना घेत नसत. पवित्र रोमन साम्राज्याच्या 1548 च्या फर्मानानं ही बंदी अमान्य केली. आज मात्र ‘म्युलर’ हेच जर्मनीत सर्वांत जास्त आढळणारं आडनाव आहे.

दुसरी वाट पूर्वेची. रशियाच्या सम्राज्ञीनं 1763 मध्ये परदेशी वसाहतकरांना बोलावलं आणि व्होल्गाकाठी जर्मन गावं वसली. रशियन लिपीतही नाव ‘मिलर’च झालं. 1941 मध्ये या लोकांना सैबेरिया आणि कझाकस्तानात हाकललं गेलं. सोव्हिएत संघ कोसळण्याच्या सुमारास लाखो जण जर्मनीत परतले. तिथला कायदा परतणाऱ्यांना आडनावाचं जर्मन रूप घेऊ देतो. म्हणजे सव्वादोनशे वर्षांनी मिलरचा पुन्हा म्युलर होऊ शकतो, तोही एका अर्जावर. पण सक्ती नाही. ज्याला मिलर राहायचं तो राहू शकतो.